बिनपिंजऱ्याचं बोर्डिंग आणि ग्रूमिंग : कुत्र्यासाठी जागा निवडताना काय बघायचं? (अनुभव धागा)

दिवाळी आणि मे महिन्याची सुट्टी जवळ आली की 'भूभूला कुठे ठेवायचं' हा प्रश्न घरोघरी सुरू होतो. 'केज-फ्री' अशी पाटी आता पुण्या-मुंबईत जागोजागी दिसते, पण पाटीमागे काय चालतं ते बाहेरून कळत नाही. ज्यांनी बोर्डिंग चालवलंय, ग्रूमिंगच्या टेबलाशी काम केलंय किंवा दवाखान्यात त्याचे परिणाम बघितलेत, त्यांनी कृपया इथे लिहावं. कुणाचं नाव नको. नुसतं 'छान आहे' किंवा 'वाईट आहे' हेही नको. माणसं किती, जाळी किती फूट, लस किती दिवस आधी, असं मोजून आणि डोळ्यांनी तपासून बघता येईल तेच लिहा.

बोर्डिंग चालवते, मुळशी

पिंजरा नाही, मग काय आहे? हाच पहिला प्रश्न विचारा. पिंजरा कुत्र्यांना एकमेकांपासून लांब ठेवतो. तो काढला की ते काम माणसांना, आडभिंतींना आणि दिनक्रमाला करावं लागतं. यातलं एकही नसेल तर ती जागा धोक्याची आहे.

माणसांपासून सुरुवात करू. मोकळ्या गटात १० ते १५ कुत्र्यांमागे एक माणूस ही कमाल मर्यादा. गटात नवखी कुत्री असतील तर आणखी कमी कुत्री. या मोजणीत स्वयंपाक करणारा आणि फोन घेणारा धरायचा नाही, गटात उभा राहून फक्त कुत्र्यांकडे बघणारा तेवढाच धरायचा. हाच प्रश्न दिवाळीच्या आठवड्याबद्दल वेगळा विचारा, कारण तेव्हा कुत्री दुप्पट येतात आणि कामगार गावी जातात. 'जास्तीत जास्त किती घेता?' याला ठाम आकडा आला नाही तर मर्यादाच नाही असं समजा.

दार दुहेरी हवं. पहिलं लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, आणि मधल्या जागेत एक माणूस आणि एक कुत्रा नीट उभे राहतील एवढी ऐस हवी. कुत्री पळतात ती बहुतेक वेळा दारातूनच, कुणी तरी सामान आत घेत असताना. कुंपण सहा फुटांचं हवं आणि जाळीचं खालचं टोक सिमेंटच्या कठड्यात पक्कं बसवलेलं हवं. बीगल आणि हस्की खालून उकरतात, देशी कुत्रा वरून जातो. जाळीला लागून ठेवलेला ड्रम, रचलेल्या विटा, कूलरचं स्टँड या सगळ्या त्याच्यासाठी पायऱ्या आहेत. भेटीला गेलात की कुंपणाच्या आतून एक पूर्ण फेरी मारा आणि हेच बघा.

भांडणं होतात ती जेवणावरून, दारात, खेळण्यावरून आणि माणसाच्या लक्षावरून. म्हणून जेवण वेगवेगळ्या खोलीत किंवा आडभिंतीआड द्यायचं आणि १५-२० मिनिटांनी भांडी उचलायची. वीस कुत्री एका रांगेत जेवतायत असा व्हिडिओ दिसायला गोड असतो. पण त्या रांगेतल्या एकाने जरी आपली वाटी लवकर संपवली तरी पुढे काय होईल ते सांगता येत नाही. ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड अशा खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांना जेवणानंतर किमान तासभर पळवायचं नाही, कारण त्यांच्यात पोट फुगून पीळ पडण्याचा धोका जास्त असतो.

लहान-मोठ्यांचे गट वेगळे हवेत. ४० किलोचा लॅब्रेडॉर कितीही गरीब असला तरी तीन किलोचं पोमेरेनियन किंचाळत पळालं की त्याच्यातली शिकारीची वृत्ती जागी होऊ शकते. माजावरची मादी तर गटात नकोच, साधारण तीन आठवडे.

गटात साखळीचा पट्टाही नको. खेळताना एकाचा खालचा जबडा दुसऱ्याच्या पट्ट्यात अडकतो, दोघंही घाबरून गोल फिरतात, पट्टा पिळला जातो आणि खालच्याचा श्वास कोंडतो. हे मिनिटाभरात होतं. ओढल्यावर आपोआप सुटणारा पट्टा चालेल, किंवा पट्टाच नको. भांडण कसं सोडवता हेही कामगारालाच विचारा, मालकाला नको. 'पट्टा धरून ओढतो' असं म्हणाला तर त्याला कुणी शिकवलेलं नाही. पाण्याची बादली, मध्ये सरकवायला प्लायवूडची फळी, आणि दोघांनी एकाच वेळी मागचे पाय धरून मागे ओढणं, हे त्याच्या तोंडून यायला हवं.

शेवटचा मुद्दा रात्रीचा. 'रात्री कुत्री कुठे झोपतात आणि त्यांच्याबरोबर कोण असतं?' आवारात राहणारा वॉचमन वेगळा आणि त्याच खोलीत झोपणारा माणूस वेगळा. रात्री कुत्र्यांसोबत कुणी नसेल तर सगळी एकत्र मोकळी ठेवण्यापेक्षा प्रत्येकाला स्वतंत्र खोली असलेली बरी. हे मी बिनपिंजऱ्याचं बोर्डिंग चालवत असूनही सांगते.

पशुवैद्य, ठाणे

रेबीजची आणि लेप्टोसह एकत्रित लस मुदतीत असलीच पाहिजे. लेप्टोची लस पहिल्यांदाच देत असाल तर २ ते ४ आठवड्यांच्या अंतराने दोन डोस आणि मग दरवर्षी एक. उंदरांच्या लघवीतून पसरणारा हा आजार आपल्याकडे पावसाळ्यात वाढतो आणि माणसालाही होतो. केनेल कफची (एकत्र ठेवलेल्या कुत्र्यांत पसरणाऱ्या खोकल्याची) नाकात सोडायची लस साधारण तीन दिवसांत काम करू लागते, तरी आठवडाभर आधी द्या. सकाळी लस आणि संध्याकाळी बोर्डिंग याला काही अर्थ नाही. ही लस घेतलेला कुत्राही खोकू शकतो, कारण या खोकल्यामागे अनेक जंतू असतात. म्हणून खोकणाऱ्या कुत्र्यासाठी वेगळी खोली आहे का ते बघा. ती गटाच्या हवेपासून तुटलेली हवी, हॉलचा कोपरा चालणार नाही.

जो मालक लसींची फाईल न बघता तुमचा कुत्रा घ्यायला तयार होतो, तो शेजारच्या कुत्र्याचीही फाईल बघत नसतो.

स्वच्छतेबद्दल विचारलं की 'रोज फिनेल मारतो' हे उत्तर मिळतं. फिनेलने पार्व्हो (पिल्लांच्या जीवघेण्या जुलाबाचा विषाणू) मरत नाही. साधं घरगुती ब्लीच एक भाग आणि पाणी तीस भाग, हे मिश्रण दहा मिनिटं फरशीवर ओलं राहिलं पाहिजे. त्याआधी शी-शू उचलून साबणाने धुतलं पाहिजे, कारण घाणीत ब्लीचची ताकद जाते आणि लघवीतल्या अमोनियाशी मिळून त्याचा घातक वायू होतो. मातीत आणि हिरवळीवर ब्लीचचा उपयोग नाही, पार्व्हो तिथे महिनोन् महिने टिकतो. म्हणून लसींचा कोर्स पूर्ण न झालेलं पिल्लू कितीही सुंदर लॉन असलं तरी तिथे ठेवू नका.

गोचिडांसाठी भिंती बघा. आपल्याकडची तपकिरी गोचीड गवतापेक्षा घरातच जास्त रमते आणि भिंतीच्या भेगेत, दाराच्या चौकटीमागे, अगदी छताजवळही चढून अंडी घालते. एक मादी हजारोंनी अंडी घालते. कुत्र्याला ठेवण्याआधी गोचिडांची गोळी दिलेली हवी: अफॉक्सोलॅनर महिनाभर चालतं, फ्लुरालॅनर सुमारे बारा आठवडे. पण या गोळ्यांनी गोचीड मरते ती चावल्यावर, त्यामुळे जागेवर फवारणी होते का हा प्रश्न राहतोच. टिक फीव्हरची लक्षणं चावल्यानंतर एक ते तीन आठवड्यांनी दिसतात. 'बोर्डिंगहून आला तेव्हा ठणठणीत होता' हे वाक्य त्यामुळेच दवाखान्यात वारंवार ऐकू येतं. परतल्यावर तीन आठवडे लक्ष ठेवा. सुस्ती, ताप, फिकट हिरड्या, नाकातून रक्त यांपैकी काहीही दिसलं तर प्लेटलेटसह रक्ततपासणी त्याच दिवशी.

पग, फ्रेंच बुलडॉग, शिह त्झू असा चपट्या नाकाचा कुत्रा असेल तर उन्हाळ्यात एसीची खोली आणि इन्व्हर्टर आहे का ते विचारा. कुत्र्याचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. १०४च्या वर गेलं की नळाच्या पाण्याने भिजवायचं, पंखा लावायचा आणि लगेच गाडीत घालायचं. वाट बघायची नाही.

ग्रूमर, नाशिक

बोर्डिंग आणि ग्रूमिंग एकाच ठिकाणी असेल तर पहिल्या दिवशी अंघोळ घालू देऊ नका. नवी जागा, नवी माणसं आणि त्यात ब्लोअरचा आवाज, एवढं सगळं एकदम त्याच्यावर लादायचं नाही. घरी जायच्या आदल्या दिवशी घाला. मानेवर टाकायचं गोचिडांचं औषध वापरत असाल तर त्याच्या आधी आणि नंतर ४८ तास शाम्पू नको.

आता टेबलाशी काय बघायचं. आधी विंचरणं, मग अंघोळ. गाठी सोडवल्याशिवाय पाणी टाकलं तर वाळताना त्या आवळून नमद्यासारख्या होतात. स्टीलची फणी मुळापासून टोकापर्यंत अडकल्याशिवाय गेली पाहिजे, आणि ती तीन ठिकाणी फिरवून बघायची: कानामागे, पुढच्या पायाच्या बगलेत, शेपटीच्या बुडाशी. गाठ कातडीला चिकटली असेल तर ती कात्रीने कधीही कापायची नाही, कारण कातडी गाठीत ओढली गेलेली असते आणि कात्री तिच्यावरच चालते. तिथे केस कापायच्या मशीनचं (क्लिपरचं) १० नंबरचं ब्लेड लागतं, मागे साधारण दीड मिलिमीटर केस राहतात. दिसायला बरं दिसत नाही, पण प्रामाणिक ग्रूमर हे आधीच सांगतो.

क्लिपरचं ब्लेड काही मिनिटांतच तापतं. काम करणारा दर थोड्या वेळाने ब्लेड स्वतःच्या मनगटाला लावून बघतो का, यावरून त्याचा हात ओळखा. ब्लेड बदलायला दुसरं हाताशी हवं. भाजल्याची खूण लगेच दिसत नाही. दुसऱ्या दिवशी पोट, जांघ लाल होतात आणि कुत्रा चाटत बसतो.

'उन्हाळा आहे, हस्कीची गोटी करा' असं गिऱ्हाईक म्हणतं आणि काही जण करूनही देतात. हस्की, गोल्डन, जर्मन शेफर्ड, पोमेरेनियन यांना दुहेरी केस असतात. खालचे मऊ केस विंचरून काढले की हवा खेळते. गोटी केली तर ऊन थेट कातडीवर येतं, आणि काहींचे केस पुन्हा नीट येत नाहीत, पोमेरेनियनमध्ये हे विशेष दिसतं.

शाम्पूची बाटली मात्र नक्की बघा. दाट शाम्पू पाण्यात कालवून वापरतात, ते ठीक आहे. पण तेच पाणी घातलेलं मिश्रण दिवसेंदिवस बाटलीत ठेवलं की त्यात जंतू वाढतात, आणि मग अंघोळीत जोरात चोळताना ते केसांच्या मुळात घुसतात. एक-दोन दिवसांत पाठीवर दुखरे फोड येतात, ताप येतो, कुत्रा पाठीला हात लावू देत नाही. लोकांना वाटतं मणक्याचं दुखणं आहे. म्हणून मिश्रण रोज ताजं, उरलेलं ओतून द्यायचं, बाटली धुऊन वाळवायची.

वाळवण्यासाठी हातात धरायचा ब्लोअर हवा. बंद पेटीत गरम हवा सोडून 'तो वाळतोय' म्हणत दुसऱ्या कुत्र्याकडे जाणं जिवावर बेततं. 'केज-फ्री' म्हणणाऱ्या जागेत वाळवायला पिंजरा असेल तर तो कशासाठी, हे स्पष्ट विचारा. पावसाळ्यात मुळाशी ओल राहिली की गळ्याखाली आणि कानामागे चट्टे येतात. घ्यायला गेलात की बोटं केसांत मुळापर्यंत घालून बघा, थंड लागलं तर ओलं आहे.

टेबलावरच्या गळ्याच्या फासात कुत्र्याला सोडून माणूस दोन पावलंही लांब जाता कामा नये. नखं कापताना थोडं रक्त येऊ शकतं, काळ्या नखात शीर दिसत नाही. रक्त थांबवायची पावडर टेबलावर असली पाहिजे. शेपटीखालच्या ग्रंथी दर वेळी पिळण्याची निरोगी कुत्र्याला गरज नसते, पॅकेजमधून ते काढायला सांगा. शांत करण्याचं इंजेक्शन किंवा गोळी ग्रूमरने देणं हे तर पूर्ण बंद, ते पशुवैद्याचं काम.

प्रशिक्षक, पुणे

ट्रायल घ्या: आधी चार तास, मग एक रात्र, आणि ते सगळं प्रवासाच्या दोन आठवडे तरी आधी. चांगली जागा नव्या कुत्र्याला एकदम गटात सोडत नाही. आधी जाळीपलीकडून वास, मग एका शांत कुत्र्याबरोबर, मग दोन-तीन.

रोजच्या व्हिडिओत पार्श्वभूमीकडे बघा. तुमचा कुत्रा भिंतीला टेकून, शेपटी पोटाखाली, ओठ चाटत, डोळ्यांचा पांढरा भाग दाखवत उभा असेल तर तो खेळत नाहीये. मोठ्या कुत्र्यालाही दिवसाकाठी बारा तासांच्या आसपास झोप लागते. दिवसभर मोकळा गट चालू ठेवला की संध्याकाळी पाचनंतर चिडचिड आणि भांडणं वाढतात. दुपारी प्रत्येकाला दोन-तीन तास एकट्याने झोपायला जागा मिळते का? सगळ्या कुत्र्यांना गट मानवत नाही, हेही मान्य करायला हवं. म्हातारा, घाबरट किंवा आपल्या वस्तू राखणारा कुत्रा घरीच, ओळखीच्या माणसाकडे बरा.

फोंडा, गोवा

कोकण-गोव्यात शेतात किंवा बागेत जागा असेल तर पावसात सापाचा विचार करा. कुंपणाच्या दोन्ही बाजूंचं गवत कापलेलं, नारळाच्या झावळ्यांचे ढीग नाहीत, रात्री दिवा. सर्पदंशाचं औषध ठेवणारा प्राण्यांचा दवाखाना किती मिनिटांवर आहे ते विचारा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारींवर चालणारं तेच इंजेक्शन कुत्र्यालाही देतात.

दहा वर्षांच्या लॅब्रेडॉरचे पालक, डोंबिवली

गुळगुळीत फरशी म्हाताऱ्या कुत्र्याचे मागचे पाय पसरवते, रबरी चटई आहे का बघा. खाणं घरचंच द्या, दर जेवणाची वेगळी पुडी, वर दोन दिवसांचं जास्त. अचानक खाणं बदललं की जुलाब ठरलेले. गोळ्या तारीख-वेळ लिहिलेल्या पाकिटांत.

'शॉप अ‍ॅक्ट आहे' हे ऐकून थांबू नका. कामगार थोडे असले तर महाराष्ट्राच्या २०१७च्या कायद्यानुसार दुकानाने फक्त सूचना द्यायची असते, त्यातून कुत्र्यांच्या देखभालीबद्दल काहीच कळत नाही. त्यापेक्षा स्वतः एक चिठ्ठी लिहून सही करून द्या: अमुक डॉक्टर, ते नसले तर अमुक, माझा फोन लागला नाही तर इतक्या रकमेपर्यंत उपचार सुरू करा. रात्री दोन वाजता याच चिठ्ठीने वेळ वाचतो.

घ्यायला जाल तेव्हा गेटवरच बघून घ्या: तळवे सोललेत का, कानात वास आहे का, गळ्याखाली आणि बोटांच्या फटीत गोचीड आहे का. निघण्याआधी वजन करा, नेताना केलेल्या वजनाशी ताडून बघा. घरी आल्यावर पाणी थोडं थोडं, पहिलं जेवण निम्मं. एक दिवस तो नुसता झोपेल, ते चालतं. दुसऱ्या दिवशीही खाल्लं नाही तर डॉक्टर.