मदत हवी आहे: इग्वाना सकाळी गरीब, दुपारी शेपटीचे फटके

रंकाळाकाठ

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो. पुण्यातला मित्र परदेशी गेला आणि त्याचा हिरवा इग्वाना (परदेशी मोठा सरडा) माझ्याकडे आला. शेपटीसकट दोनेक फूट. नाव बंड्या, मित्रानंच ठेवलेलं.

अडचण अशी की सकाळी टाकी उघडली की हा एकदम गरीब. हातात घ्या, खांद्यावर ठेवा, हूं की चूं नाही. डोक्यावरून बोट फिरवलं की डोळे मिटून घेतो. घरच्यांना वाटलं, लळा लागला. पण दुपारी तोच बंड्या गळ्याखालची पिशवी ताणतो, अंग चपटं करून आडवा उभा राहतो, मान खालीवर करतो. हात आत गेला की सप्पकन शेपटी. मनगटावर चांगला वळ उठलाय.

काचेची टाकी हॉलमध्ये फरशीवर, टीव्हीशेजारी आहे. आत एक साधा पिवळा बल्ब. ऊन पडलं तर टाकी खिडकीच्या काचेजवळ सरकवतो, पण श्रावणात ऊन ते कितीसं. खायला पालक, काकडी, कोथिंबीर आणि दुकानदारानं सांगितलं म्हणून अधूनमधून उकडलेलं अंडं. आज्जी त्याला घोरपडच म्हणते आणि हॉलमध्ये पाय ठेवत नाही. खालच्या मजल्यावरचे काका दोनदा विचारून गेले, "फॉरेस्टवाल्यांना माहीत आहे का?"

हा माणसाळणार कसा? रोज जबरदस्तीनं हाताळू की हात लावणंच सोडून देऊ?

तांबडा_पांढरा

भावा, विषय लई हार्ड हाय! तरी कोल्हापूरला ही हौस नवी नाही. संस्थानाच्या काळात इथं चित्ते पाळून शिकारीला नेत होते, तुझा बंड्या तर पालेभाजीवाला. मला यातलं काही कळत नाही, पण धागा वाचत राहणार.

शेवग्याचं_झाड

मी मिरजेत बरीच वर्षं एक इग्वाना सांभाळतेय, आता तो माझ्यापेक्षा लांब आहे. तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच वर्णनात आहे. सकाळचा बंड्या माणसाळलेला नाही, गारठलेला आहे.

या प्राण्याला अंगात स्वतःची ऊब तयार करता येत नाही. तुमच्याकडे पावसाळ्यात रात्री पारा वीस-एकवीसला येतो, वर सगळीकडे ओल. अशा थंड अंगानं त्याला पळता येत नाही आणि शेपटीही उचलत नाही. दुपारपर्यंत बल्बखाली तापला की मनातलं बोलून दाखवतो. म्हणजे खरा बंड्या दुपारचा. त्याच्याशी मैत्री करायची आहे, सकाळच्याशी नाही.

डोळे मिटण्याचंही तसंच. अंग आखडलेलं असताना डोळे मिटले, तर 'हे लवकर संपू दे' असा त्याचा अर्थ धरा. अंग सैल आहे, पाय पसरलेत, मधूनच जीभ तुमच्या हाताला लावून बघतोय, तर मात्र बरं चाललंय. जिभेनं तो वास ओळखतो.

आता शेपटी. त्याच्या डोक्यावर मधोमध एक फिकट ठिपका दिसेल. तो तिसरा डोळा. त्यातून चित्र दिसत नाही, उजेड आणि सावली कळते. रानात हा झाडावर राहतो आणि त्याच्यावर झडप घालणारे पक्षी वरून येतात. तुमची टाकी फरशीवर, म्हणजे घरातला प्रत्येक हात त्याच्यावर वरूनच येणार. मग फटका नाही तर काय देणार? शेजारी टीव्ही, येणारेजाणारे पाय, ते वेगळंच.

तेव्हा माणसाळवायच्या आधी घर बदला. रुंदीपेक्षा उंची जास्त असलेला, पुढून उघडणारा पिंजरा घ्या. हॉलमध्ये नको, घरातल्या शांत खोलीत, तुमच्या डोळ्यांच्या पातळीला त्याची बसायची फांदी येईल असा ठेवा. एका टोकाला बल्बखाली ३५ अंशांच्या आसपास तापणारी जागा, दुसऱ्या टोकाला २६-२७, आणि रात्री २३-२४ च्या खाली जाऊ देऊ नका. रात्रीसाठी उजेड न देणारा सिरॅमिक हीटर मिळतो, तो थर्मोस्टॅटवर (ठरलेल्या तापमानाला आपोआप बंद-चालू करणारं यंत्र) लावा आणि जाळी घाला, नाहीतर हे त्याला चिकटून भाजून घेतात. शिवाय यूव्हीबी, म्हणजे उन्हातले अतिनील किरण देणारी ट्यूब हवीच. खिडकीच्या काचेतून ते किरण आत येत नाहीत, त्यामुळे टाकी सरकवण्याचा उपयोग नाही. उलट वैशाखात असं केलंत तर बंद काचेत जीव जाईल. ट्यूब पेटत राहिली तरी तिचे किरण संपत जातात, सहा महिने ते वर्षात बदलायची.

हे झाल्यावर पहिले काही दिवस हातच लावायचा नाही. अन्न-पाणी, साफसफाई आणि शेजारी खुर्ची टाकून पेपर वाचणं. तुमचं वापरलेलं बनियन पिंजऱ्यात ठेवा, त्या वासाची सवय होऊ द्या. मग हात बाजूनं, त्याला दिसेल असा, हळू आत न्यायचा आणि नुसता ठेवायचा. तो ताठला की तिथेच थांबायचं, सैलावला की हात बाहेर. पुढे हातून जास्वंदाचं फूल द्या. मी अजून जास्वंदीला नाही म्हणणारा इग्वाना पाहिलेला नाही. एक दिवस तो स्वतःच हातावर पाय ठेवेल. तेव्हा खालून छातीला आणि मागच्या पायांना आधार देऊन उचला. शेपटी कधीच धरू नका, तोडून मोकळा होईल. नवी येते, पण पहिल्यासारखी नाही. याला महिने लागतात, काहींना वर्ष.

पंचगंगेचा_पूर

थोडा वेगळा अनुभव. चामडी हातमोजे घालायचे, उचलायचा, आदळआपट थांबेपर्यंत सोडायचा नाही. फटका मारल्यावर लगेच सोडला की फटका मारला की सुटका होते हे तो शिकतो. माझा असाच शांत झाला.

शेवग्याचं_झाड

फटका मारल्याबरोबर झटकून सोडू नये, हे मान्य. पण म्हणून फटका मारेपर्यंत ताणायचंच कशाला? मान हलली, पिशवी ताणली, हीच सूचना असते, तिथेच थांबायचं. धरून ठेवलेला इग्वाना शांत होतो तो बऱ्याचदा दमून किंवा हताश होऊन, आणि दुसऱ्या दिवशी हात दिसला की पुन्हा पहिल्यापासून. हातमोजे नखांपुरते ठीक. नर मोठा झाल्यावर माजाच्या काळात माणसाळलेलाही चावतो, तेव्हा तुमचे चामडी मोजे कामी येतील.

गोठ्यातला_डॉक्टर

शिरवळला पशुवैद्यकीय शिकतोय. खाण्याबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. अंडं आजच बंद करा. इग्वाना पूर्ण शाकाहारी, पानं खाणारा. प्राणिज प्रथिनांचा भार मूत्रपिंडावर येतो. दुकानदार 'प्रोटीन' सांगतात ते कुत्र्यामांजरांच्या हिशेबानं.

पालकातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं, म्हणून तो रोजचा नको, राजगिऱ्याची भाजीही तशीच. काकडी म्हणजे पाणी. त्यापेक्षा शेवग्याचा पाला, तुतीची आणि जास्वंदीची पानं, किसलेला तांबडा भोपळा, घेवडा. आणि कोल्हापुरात असून लसूणघास विसरलात? म्हशींसाठी तो गावोगावी पिकतो, ओळखीच्या शेतकऱ्याकडून फवारणी न केलेली जुडी आणा. पपई-आंबा चवीपुरता. बाजारातली हाराची फुलं देऊ नका, औषध मारलेलं असतं. कॅल्शियम आणि यूव्हीबी दोन्ही कमी पडलं की हाडं मऊ होतात. जबडा सुजल्यासारखा दिसला, पाय थरथरले, तर वाट न बघता परदेशी प्राणी बघणाऱ्या डॉक्टरकडे न्या.

खाणं सकाळी, पण तो तापल्यावर द्या. थंड पोटात काही पचत नाही. शिंकतो आणि काचेवर पांढरी खर दिसते ती सर्दी नाही, जादा मीठ तो नाकावाटे टाकतो. हाताळल्यावर साबणानं हात धुवा, साल्मोनेला या जंतूचा धोका असतो. आज्जींसाठी तर हे नक्कीच पाळा.

कागदपत्रं_आहेत_का

खालच्या काकांचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. घोरपड ही आपली, संरक्षित, ती घरात ठेवणं गुन्हा. इग्वाना मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला. पण तो साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापाराबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट २ मध्ये आहे, आणि वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ ला झालेल्या दुरुस्तीनं अशा परदेशी प्राण्यांचीही नोंदणी आली. २०२४ च्या नियमांप्रमाणे ती सरकारच्या परिवेश पोर्टलवर करायची. प्राणी एकाकडून दुसऱ्याकडे गेला तर तेही कळवावं लागतं. मित्राच्या नावावर नोंद आहे का, ते आधी विचारा. नसेल तर वनविभागाच्या कार्यालयात जाऊन काय करायचं ते विचारून घ्या. कागद हातात असला की काकांनाही दाखवता येतो.

रंकाळाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. मित्राला फोन केला, नोंदणी त्याच्या नावावर आहे, माझ्याकडे आल्याचं कळवायचं राहिलंय, ते या आठवड्यात करतो. सुताराला मागच्या खोलीसाठी उभ्या पिंजऱ्याचं माप दिलं. जास्वंद दारातच आहे, पण ती आईच्या गणपतीची. वाटणी ठरली: फुलं देवाला, पानं बंड्याला. रविवारी एक फूल त्यालाही.

एक शेवटचं. पावसाळ्यात आमच्याकडे लाईट जाते, कधी तास-दोन तास. तेव्हा काय?

शेवग्याचं_झाड

तास-दोन तासांनी काही होत नाही. पिंजऱ्यावर चादर टाका, दार उघडू नका. जास्त वेळ गेली तर बाटल्यांत गरम पाणी भरून, टॉवेलात गुंडाळून त्याच्या फांदीजवळ ठेवा. अंगाला थेट लागता कामा नयेत. तोवर खायला घालू नका. यूव्हीबी ट्यूब इन्व्हर्टरवर टाकायची गरज नाही, जोडायचाच असेल तर हीटर जोडा, आणि आधी इलेक्ट्रिशियनला विचारा की भार पेलेल का. थर्मामीटर मात्र दोन घ्या, एक गरम टोकाला, एक थंड. पिंजऱ्याचं माप इथे टाका. सुतार दार बहुतेक वर करतात, त्याला पुढून करायला आत्ताच सांगून ठेवा.