अनुभव: गरोदरपण आणि वजनाचा काटा

दिवस राहिले तेव्हा वजन किती होतं, नऊ महिन्यांत किती वाढलं, पुढे काय झालं? बाळंतपण झालेल्यांनी लिहा, सुना-लेकींचं बाळंतपण केलेल्यांनीही लिहा. माझ्यापासून सुरुवात.

जळगाव: उंची पाच फूट एक इंच, वजन ७८. सासूबाई समोर बसून वाढायच्या, "दोन जीवनी शे तू, खाय." त्यांची माया खरी होती. भरितावर तेलाचा तवंग, वर दोन केळी. सहाव्या महिन्यापर्यंत ११ किलो वाढले. ग्लुकोजचं पाणी प्यायल्यावर दोन तासांनी साखर १६८. १४०च्या आत हवी होती. माझ्या उंची-वजनाला पूर्ण नऊ महिन्यांत ५ ते ९ किलो पुरे, हे तेव्हा पहिल्यांदा कानावर पडलं. सिझर झालं, बाळ ३.९ किलोचं. आईची साखर जास्त असली की बाळ पोटातच जास्त इन्सुलिन बनवतं आणि नाळ कापल्यावर त्याची साखर घसरते. माझा लेक दोन दिवस काचेच्या पेटीत होता. टाचेवर सुया टोचल्याचे ठिपके अजून डोळ्यांपुढे आहेत.

चोपडा: माझं उलटं. ३८ किलो, हिमोग्लोबिन ७. माझ्यासारखीने साडेबारा ते अठरा किलो वाढायला हवं, वाढले सहा. मुलगी १ किलो ९०० ग्रॅमची. महिनाभर छातीशी उघड्या अंगाला बांधून ठेवली, रात्री आई घ्यायची.

धुळे: पहिल्या खेपेला बीपी चढलं, आठव्यातच सिझर. दुसऱ्याच्या आधी वर्षभरात ९ किलो उतरवले. बीपी नीट राहिलं. वजनामुळेच, असं छातीठोक नाही सांगणार, पण उतरवायचं ते आधीच. पोटात बाळ असताना उपाशी राहू नका गं.

धडगाव, आशाताई: आमच्या पाड्यांवर म्हाताऱ्या सांगतात, कमी खा, बाळ मोठं झालं तर अडेल. सरकारच्या अमृत आहार योजनेचं गरम जेवण अंगणवाडीत मिळतं, तरी बाई अर्धी भाकरी पदरात बांधते, घरच्या पोरांसाठी. मी शेजारी बसते, तिचं खाऊन होईपर्यंत. दिवाळीनंतर कुटुंब ऊसतोडीला गुजरातेत गेलं की कार्डावरचे वजनाचे रकाने कोरेच राहतात. परवा एक परतली, सातवा महिना, ४१ किलो. उद्या तिला घेऊन दवाखान्यात जातेय.