प्रश्न केवळ मिनिटांचा नाही
रोज अर्धा तास व्हिडिओ पाहिल्याने अभ्यासाचे काही बिघडत नाही, हे अनेकदा ऐकू येणारे मत मला अपुरे वाटते. एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळल्यावर मन काही अंशी आधीच्या कामातच गुंतून राहते, असे संशोधक सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दाखवले आहे. म्हणूनच गणित सोडवताना मध्येच दोन मिनिटांची क्लिप पाहणारा विद्यार्थी वहीकडे परततो, तेव्हा त्याला तेच उदाहरण पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचावे लागते, आणि हा वेळ मोबाइलच्या हिशेबात कुठेच दिसत नाही. शैक्षणिक व्हिडिओही याला अपवाद नाहीत (उलट तिथे आयती सबब मिळते). पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होण्याची सोय सेटिंगमध्ये बंद करता येते. निदान तेवढे तरी करावे.