तान्ह्या बाळाची छाती भरते तेव्हा: ब्राँकिओलायटिस

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबर लागला की इथे इंग्लंडात ब्राँकिओलायटिसची (तान्ह्यांच्या फुप्फुसातल्या बारीक नळ्या सुजण्याच्या आजाराची) साथ सुरू होते, ती साधारण मार्चपर्यंत चालते. घरात दोन वर्षांच्या आतलं मूल असेल, त्यातही तीन ते सहा महिन्यांचं, तर हे जरूर वाचा.

बहुतेक वेळा कारण असतं आरएसव्ही हा विषाणू. मोठ्यांना त्याने साधी सर्दी होते आणि पापा घेताना किंवा न धुतलेल्या हातांनी ती बाळापर्यंत पोचते. फुप्फुसातल्या अगदी बारीक नळ्या आतून सुजतात, चिकट स्रावाने आणि मेलेल्या पेशींनी तुंबतात. नळीची रुंदी निम्मी झाली की हवेला होणारा अडथळा सुमारे १६ पट वाढतो. मोठ्याला नुसता खोकला आणणारी सूज बाळाला दमवते, ती यामुळे.

आधी दोन-तीन दिवस नाक गळतं. मग खोकला, श्वासाला शिट्टीसारखा आवाज, थोडा ताप. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी त्रास सर्वांत जास्त असतो. म्हणून दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी घरी पाठवलं तरी लक्ष काढू नका. सहा आठवड्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मध्येच थांबणं हे एकमेव लक्षणही असू शकतं.

श्वास मोजताना बाळ शांत हवं, कपडे वर केलेले हवेत आणि पूर्ण एक मिनिट मोजायचं. १५ सेकंद मोजून चाराने गुणू नका, तान्ह्यांचा श्वास एका लयीत चालत नाही. ६० च्या वर गेला तर त्याच दिवशी दाखवा. बरगड्यांखालची कातडी खूप आत ओढली जात असेल (आपल्याकडे ‘पोट उडतंय’ म्हणतात), बाळ कण्हत असेल, ओठ-जीभ निळसर दिसत असतील किंवा श्वास थांबला, तर थेट ९९९ (इथला तातडीच्या मदतीचा क्रमांक) फिरवा.

– मंडळातला एक बालरोगतज्ज्ञ

*

उत्तर: वरील विषय

दुधाबद्दल भर घालते, कारण घरच्यांना तेच आधी कळतं. नेहमी १२० मिली पिणारं बाळ ६०-७० वर आलं किंवा १२ तासांत नॅपी ओली झाली नाही, तर डॉक्टरांना फोन करा. नाक बंद असलं की बाळाला चोखता येत नाही. पाजण्याआधी नाकात सलाइनचे थेंब घाला, थोडं-थोडं आणि वरचेवर पाजा.

आजी आल्या असतील तर त्यांना प्रेमाने सांगा: न्हाऊ घातल्यावर धुरी नको, धुराने सुजलेल्या नळ्या आणखी चिडतात. कापूर नको, तो अंगात गेला तर झटके येऊ शकतात. वर्षाच्या आत मध नको, बॉट्युलिझमचा (जंतूंच्या विषाने होणाऱ्या गंभीर आजाराचा) धोका असतो. गरोदर असाल तर २८ व्या आठवड्यापासून आरएसव्हीची लस एनएचएसवर (इथल्या सरकारी आरोग्यसेवेत) मोफत मिळते. सप्टेंबर २०२४ पासून ही सोय आहे, दाईकडे विचारा.

– लहान मुलांची परिचारिका

*

उत्तर: वरील विषय

भारतातून आणलेला नेब्युलायझर (औषधाची वाफ देणारं यंत्र) घरी आहे. सल्बुटामॉल द्यावं का?

*

उत्तर: वरील विषय

नको. दम्यात नळीभोवतीचे स्नायू आवळतात, त्यांना ते औषध सैल करतं. इथे अडचण सुजेची आणि चिकट स्रावाची आहे, त्यावर त्याचा उपयोग होत नाही. उलट बाळाची छाती धडधडते. अँटिबायोटिकही विषाणूवर चालत नाही. रुग्णालयातसुद्धा मुख्य उपचार दोनच: गरज पडली तर ऑक्सिजन, आणि पिता येत नसेल तर नाकातल्या नळीने दूध.