अनुभव धागा: परसातले शिकारी पक्षी (कोकण किनारा)

गरुड-ससाणे बघायला अभयारण्यातच जावं लागतं, असं निदान कोकणात राहणाऱ्याने तरी म्हणू नये. माडावर, विजेच्या खांबावर, जेटीवर, घराच्या माळ्यावर काय काय बसलेलं असतं! तुमच्या आसपास दिसलेल्या शिकारी पक्ष्यांबद्दल इथे लिहा. फोटो नसला तरी चालेल, पण पक्षी काय करत होता आणि कशावरून ओळखलात ते सांगा. घरट्याची नेमकी जागा मात्र लिहू नका.

सुरुवात मीच करतो. रत्नागिरीत मिरकरवाड्याला होड्या लागल्या की वर घारींची झुंबड. त्यात विटकरी अंगाची, पांढऱ्या डोक्याची ब्राह्मणी घार लगेच कळते. तिची पिल्लं मात्र तपकिरी असतात आणि तिथेच बहुतेकांची गल्लत होते. अशा वेळी शेपटी बघायची. साध्या घारीची दुभंगलेली, ब्राह्मणीची गोलसर. पाण्यावर तरंगणारा माशाचा तुकडा ती पंजाने अलगद उचलते आणि पाय चोचीशी नेऊन उडता उडताच खाते.

परसदार, दापोली
बुलबुल आणि खारींनी एकदम कालवा केला की मी हातातलं काम टाकून मागच्या दारी जाते. बहुतेकदा शिक्रा असतो. गेल्या मे महिन्यात रातांब्याच्या आडव्या फांदीवर बसला होता, पायाखाली सरडा. सरड्याची शेपटी अजून हलत होती. एका पंजाने दाबून धरायचं, मान खाली, लचका, मान वर, चहूकडे नजर, की पुन्हा लचका. छातीवर तांबूस बारीक आडव्या रेघा आणि डोळे लालभडक, म्हणजे नर. मादीचे डोळे पिवळे असतात. एक सांगते, नुसत्या 'टी-टुई' आवाजावर विसंबू नका. कोतवाल पक्षी तो हुबेहूब काढतो, साळुंक्या घाबरून उडाल्या की त्यांचा घास पळवतो. लबाड कुठचा!

माडबन, मालवण
आमच्याकडे पक्षीनिरीक्षण आजीच्या आवाजावर चालायचं. "घारीन पिल्लू नेल्यान!" अशी हाक आली की सगळे अनवाणी अंगणात. आजीच्याही आधी कोंबडीला कळायचं, हे वेगळं. तिने तो विशिष्ट आवाज काढला की पिल्लं असतील तिथे चिकटून बसायची.

सुरूबन, गुहागर
आमच्या किनाऱ्यावर समुद्री गरुडाची जोडी आहे. पोट पांढरंशुभ्र, पाठ करडी, शेपटी आखूड आणि पाचरीच्या आकाराची. घिरट्या घालताना पंख वर उचललेले. तेच घरटं दरवर्षी काटक्या घालून वाढवतात. झाडाखाली माशांचे काटे तर असतातच, समुद्रसापांची हाडंही सापडतात. दोघं मिळून ओरडायला लागली की समुद्राची गाज मागे पडते.

जुना वाडा, अलिबाग
माळ्यावर गव्हाणी घुबड राहायला आलं आणि शेजारपाजारचे सल्ले सुरू झाले. अपशकुनी आहे, हाकला, धूर करा. आईने कुणाचं ऐकलं नाही. मी मात्र त्याने ओकलेल्या गोळ्या गोळा केल्या. करड्या केसांच्या, घट्ट, अंगठ्याएवढ्या. एक गोळी कोमट पाण्यात भिजवून सुईने सोडवली तर आत उंदराची अख्खी कवटी, पिवळट लांब दातांसकट, आणि चिचुंद्रीचा जबडा. त्यानंतर अपशकुनाची भाषा थंडावली, कारण माळ्यावरचं भात आता कुणी कुरतडत नव्हतं. फक्त उंदीर मारायचं औषध ठेवू नका. विषारी उंदीर खाऊन घुबडही मरतं. बदामी आकाराचा तो पांढरा चेहरा रात्री कौलांखालून डोकावला की पाहुणे दचकतात, त्याला इलाज नाही.

घाटपायथा, कुडाळ
सर्पगरुड. पावसाची उघडीप पडली की रस्त्याकडेच्या खांबावर पंख पसरून वाळवत बसतो. चोचीच्या मुळाशी पिवळं, पायही पिवळे. शीळ लांबून ऐकू येते.

म्हसळेकर
माझ्या वडिलांच्या लहानपणी मेलेल्या ढोरावर गिधाडं उतरायची, त्यात कुणाला नवल वाटत नसे. गुरांना देत असलेल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाने घात केला. औषध दिलेलं जनावर मेलं, ते गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी. 2006 मध्ये गुरांसाठी त्यावर बंदी आली, पण तोवर बहुतेक वसाहती ओस पडल्या होत्या. आमच्या चिरगावाला पांढऱ्या पाठीची गिधाडं टिकली, ती लोकांनी लक्ष घातलं म्हणून.

खाडीकाठ, जैतापूर
एक विचारायचंय. थंडीत खाडीवर एक पक्षी पाय पुढे करून पाण्यात धाडकन कोसळतो, मासा घेऊन वर येतो आणि उडताना माशाचं तोंड पुढच्या दिशेला धरतो. डोळ्यावरून काळा पट्टा. समुद्री गरुडाचं पिल्लू का?

सुरूबन, गुहागर
नाही हो, ती मासेमार घार, इंग्रजीतली ऑस्प्रे. थंडीतली पाहुणी. गरुड शक्यतो पृष्ठभागावरूनच मासा उचलतो, ही पार बुडी मारते. खाडीत रोवलेल्या खुंटांवर बघा, खायला तिथेच बसते.