पाच तारांच्या अ‍ॅक्टिव्ह बाससाठी वायरलेस: २.४, ५.८ की यूएचएफ?

खर्जवाला:
मंडळी, ऑर्केस्ट्रात केबलऐवजी वापरायला वायरलेस घ्यायचंय. मुख्य वाद्य पाच तारांचा अ‍ॅक्टिव्ह बास गिटार (आत ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा प्रीअँप, म्हणजे सिग्नल वाढवणारं सर्किट), जोडीला चार तारांचा पॅसिव्ह, म्हणजे बॅटरी नसलेला, जॅझ बास. स्टेज साधारण ३० बाय २० फूट. गणपती आणि जत्रांच्या हंगामात उघडी मैदानं, एरवी नाट्यगृहं. सिग्नल ट्यूनर, कॉम्प्रेसर आणि प्रीअँप-डीआयमधून (बासचा सिग्नल मिक्सरला साजेसा करणारा डबा) थेट मिक्सरला जातो. मिक्सर एक्सआर १८, स्टेजवरच्याच रॅकमध्ये, टॅबलेटवरून चालतो. मॉनिटर (स्वतःचा आवाज ऐकायला) इन-इअर, म्हणजे कानात घालायचा आहे, तोही वायरलेस.

समोर तीन प्रकार आहेत: जॅकमध्ये थेट बसणारे २.४ गिगाहर्ट्झचे छोटे सेट, तसेच ५.८ चे, आणि पट्ट्याला लावायचं यूएचएफ (काही शे मेगाहर्ट्झवर चालणारं) बॉडीपॅक. दुकानदार रेंजचे आकडे सांगतात, पण मला ३० फुटांपलीकडे जायचंच नाहीये. मग नेमकं काय बघून निवडायचं?

खुंटी५:
बास आहे म्हणून आधी तपशीलपत्रकातली फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्सची (किती हर्ट्झपासून किती हर्ट्झपर्यंतचा आवाज जातो याची) ओळ वाचा. तुमची लो बी (सगळ्यात जाड तार) ३१ हर्ट्झची, ई ४१ ची. शुअर बीएलएक्स १४ हा सगळीकडे दिसणारा अ‍ॅनालॉग यूएचएफ सेट ५० हर्ट्झपासून वर दिलेला आहे. गिटारवाल्याला याने काही फरक पडत नाही, त्याची सगळ्यात खालची तार ८२ ला. बासच्या आवाजातला बराच भाग दुसऱ्या हार्मोनिकमध्ये (मूळ स्वराच्या दुप्पट फ्रिक्वेन्सीत) असतो, म्हणून स्वर गायब होणार नाही, पण छातीवर येणारा दाब पातळ होतो आणि सबवूफर लावलेल्या मैदानात ते लगेच कळतं.

दुसरा मुद्दा कंपँडरचा. अ‍ॅनालॉग एफएममध्ये पाठवताना सिग्नलचा चढउतार निम्म्यावर दाबतात आणि रिसीव्हरमध्ये परत उलगडतात. बोलण्या-गाण्याला ते चालून जातं. बासचा लांब धरलेला स्वर विरत जाताना मात्र मागची खरखर वर-खाली होते आणि स्लॅपच्या (अंगठा तारेवर आपटून वाजवण्याच्या) पहिल्या ठोक्याची धार बोथट होते.

तरीही बॉडीपॅक घेतलंत तर दोन गोष्टी पाळा. ते मुळात माइकसाठी बनवलेलं असतं, त्यामुळे गेन (सिग्नल किती वाढवायचा तो) सगळ्यात खाली ठेवून सगळ्यात जोरात स्लॅप मारा आणि क्लिपचा (सिग्नल जास्त झाल्याचा) दिवा बघा. अ‍ॅक्टिव्ह बास तिथे हमखास फुटतो. आणि केबल इन्स्ट्रुमेंटचीच घ्या (शुअरसाठी डब्ल्यूए३०२). कॉलर माइकची केबल कापून तिला जॅक जोडण्याचा जुगाड करू नका, त्या कनेक्टरच्या एका पिनवर माइकसाठी ५ व्होल्ट असतात.

माझं मत स्वच्छ आहे: तुमच्यासाठी डिजिटलच. बॉसचा बघत असाल तर डब्ल्यूएल-२० आणि डब्ल्यूएल-२०एल यांत गल्लत करू नका. पहिल्यात ३ मीटर केबलने आवाज जरा मऊ होतो तो परिणाम मुद्दाम घातलेला आहे, तो पॅसिव्ह पिकअपसाठी (पिकअप म्हणजे तारांची थरथर पकडणारं कॉइल). ‘एल’मध्ये तो नाही, अ‍ॅक्टिव्हला तोच. दोन्ही बास एकाच सेटवर चालवायचे असतील तर पेडलच्या आकाराचा डब्ल्यूएल-५० सोयीचा, त्यात हा परिणाम ३ मीटर, ६ मीटर किंवा बंद असा निवडता येतो.

लहरी:
खुंटी५ यांनी आवाजाचं सांगितलं, मी हवेतलं सांगतो. तुमच्या यादीतली सगळ्यात धोक्याची वस्तू म्हणजे तो एक्सआर १८. त्याचं अंगचं वायफाय २.४ गिगाहर्ट्झवरच चालतं. बासचा रिसीव्हर त्याच रॅकवर ठेवलात तर कुठल्याही कंपनीचा २.४ चा सेट घ्या, आवाज तुटणार. तुमचा ट्रान्समीटर २५ फुटांवर आणि मिक्सरचा अँटेना अर्ध्या फुटावर, मग रिसीव्हरला जवळचाच जोरात ऐकू येतो.

उपाय असा. मिक्सरवर इथरनेट, वायफाय क्लायंट आणि अ‍ॅक्सेस पॉइंट असा तीन जागांचा स्विच आहे, तो इथरनेटवर न्या. लॅनच्या वायरने बाहेरचा राउटर जोडा. त्या राउटरवर २.४ पूर्ण बंद करून फक्त ५ गिगाहर्ट्झ चालू ठेवा आणि चॅनेल ३६ ते ४८ मधलं हातानं निवडा, ऑटोवर सोडू नका. चॅनेल १४९ ते १६५ ही ५.८ च्याच पट्ट्यात येतात, तेव्हा उद्या तुम्ही किंवा गिटारवाल्याने ५.८ चा सेट आणला तर तिथे टक्कर होईल. राउटर रिसीव्हरपासून निदान २-३ मीटर लांब आणि थोडा उंचावर.

रिसीव्हर पेडलबोर्डावर, पायापुढे ठेवा. २.४ ची लहर शरीरातलं पाणी शोषून घेतं आणि ५.८ ची तर आणखीच. ट्रान्समीटर पुढे आणि रिसीव्हर पाठीमागच्या रॅकमध्ये असेल तर मध्ये तुम्ही स्वतःच भिंत होता. बंद लोखंडी रॅकच्या पोटात तर कधीच नको.

मैदानाची एक गोम लक्षात ठेवा. दुपारी रिकाम्या पटांगणावर साउंडचेकला सगळं छान चालतं आणि रात्री आवाज तुटतो. हजार-दोन हजार लोक येतात, प्रत्येकाच्या खिशात वायफाय आणि ब्लूटूथ चालू असलेला फोन असतो. २.४ ला आपल्याकडे परवाना लागत नाही, त्यामुळे सगळं जग तिथेच आहे. अशा ठिकाणी ५.८ मोकळं मिळण्याची शक्यता जास्त. ३० फुटांच्या स्टेजला त्याची कमी रेंजही पुरते, मात्र रिसीव्हर नजरेसमोर हवा. शुअरचा जीएलएक्सडी१६+ दोन्ही पट्ट्यांत चालतो. महाग आहे, पण बाराही महिने वेगवेगळ्या ठिकाणी वाजवणाऱ्याला तो परवडतो असं मी म्हणेन.

इन-इअर कोणत्या पट्ट्यात आहे ते सांगितलं नाहीत. तो २.४ चा असेल तर बास २.४ वर घेऊ नका. कमरेला इन-इअरचा रिसीव्हर आणि वीतभर अंतरावर बासचा ट्रान्समीटर, दोघेही एकमेकांना त्रास देतील.

स्वस्त यूएचएफबद्दल एकच सांगतो. ७०० ते ८०० मेगाहर्ट्झच्या ठरावीक फ्रिक्वेन्सीचे सेट अजून विकले जातात. २०२२ च्या लिलावात ७०० चा पट्टा जिओने घेतला, आता तिथे मोबाइल टॉवर बोलतात. शिवाय यूएचएफला २.४ सारखी सरसकट परवानामुक्ती नाही.

डागकाम:
जॅककडे कुणी लक्ष दिलं नाही, आणि अ‍ॅक्टिव्ह बासची निम्मी दुखणी तिथेच असतात.

तुमच्या बासचा जॅक स्टिरिओ आहे. टिपवर (टोकाला) सिग्नल, स्लीव्हवर (बुडाशी) ग्राउंड आणि रिंगवर (मधल्या कडीवर) ९ व्होल्ट बॅटरीची ऋण तार. साधा मोनो प्लग घातला की रिंग आणि स्लीव्ह जुळतात, प्रीअँप चालू होतो. काही छोट्या ट्रान्समीटरच्या प्लगला चार्जिंगसाठी जास्तीच्या कड्या असतात. त्या रिंगच्या पत्तीसमोर आल्या तर प्रीअँप चालूच होत नाही, किंवा अर्धवट चालू होऊन चिरका आवाज देतो. म्हणून दुकानात स्वतःचा बास नेऊनच तपासा. तसं झालंच तर १५-२० सेंटिमीटरची शील्ड असलेली मोनो जोडकेबल करा: एका टोकाला सरळ मोनो प्लग, दुसऱ्याला फिमेल जॅक. ती पट्ट्याच्या बटणामागून फिरवून घेतली की ट्रान्समीटरचं वजन जॅकच्या नटावर येत नाही. स्ट्रॅट गिटारच्या खोलगट जॅकमध्ये काही ट्रान्समीटर नीट बसतच नाहीत, तिथेही हीच केबल कामाला येते.

कार्यक्रम संपल्यावर ट्रान्समीटर काढून ठेवा. तो स्वतः बंद झाला तरी प्लग आत असेपर्यंत बासची बॅटरी उतरत राहते.

पेडलबोर्डावर रिसीव्हरला वेगळा, आयसोलेटेड ९ व्होल्टचा आउटपुट द्या. एकाच वायरवर सगळे पेडल माळेसारखे लावले की डिजिटल रिसीव्हरची बारीक शिट्टी कॉम्प्रेसर वाढवून ऐकवतो. किती मिलिअँपिअर लागतात ते लेबलवर वाचून घ्या.

एक फायदा मात्र मनापासून सांगावासा वाटतो. जनरेटरवरच्या स्टेजला अर्थिंग बऱ्याचदा नावापुरतं असतं. केबल असली की तारांचा संबंध अँपच्या धातूशी येतो आणि गाताना ओठ माइकला लागला की झटका बसतो. वायरलेसमध्ये ती वाट तुटते. पण अँप, रॅक किंवा माइकला हात लागला तर धोका तसाच राहतो, तेव्हा अर्थिंग तपासल्याशिवाय स्टेजवर चढू नका.

खर्जवाला:
तिघांनाही धन्यवाद. इन-इअर यूएचएफ अ‍ॅनालॉग आहे. राउटर वेगळा करतो. आता लेटन्सीचं (आवाज पोचायला लागणाऱ्या उशिराचं) विचारतो: २ मिलिसेकंद, ४ मिलिसेकंद असे आकडे दिसतात, कानाला कळतील का? आणि पॅसिव्ह जॅझ बास वायरलेसवर जास्त टोकदार वाजतो म्हणतात, ते खरं का?

खुंटी५:
आवाज हवेत एका मिलिसेकंदात सुमारे ३५ सेंटिमीटर जातो. डब्ल्यूएल-२० चे २.३ मिलिसेकंद म्हणजे अँपपासून ८० सेंटिमीटर मागे सरकणं. एकटा आकडा कुणालाच कळत नाही, बेरीज कळते. बासचा डिजिटल वायरलेस, त्यापुढे मल्टी-इफेक्ट, मग डिजिटल मिक्सर आणि शेवटी डिजिटल इन-इअर असं झालं की दहाच्या वर जातं आणि ड्रमच्या किकवर बसायला बोटं घाई करू लागतात. तुमचे पेडल साधे असतील तर वायरलेस आणि मिक्सर मिळून तीन-चारमध्ये भागतं. इन-इअर अ‍ॅनालॉग आहे ते उत्तमच, तो बदलू नका.

मोजायचं असेल तर वाय-केबलने सिग्नल दोन वाटांनी कॉम्प्युटरच्या ऑडिओ इंटरफेसमध्ये घ्या, एक थेट आणि एक वायरलेसमधून. ४८ किलोहर्ट्झवर रेकॉर्ड करा, ४८ सॅम्पल म्हणजे एक मिलिसेकंद.

टोकदारपणा खरा आहे. केबलच्या दर मीटरला साधारण १०० पिकोफॅरड धरतात. त्याने पॅसिव्ह पिकअपचं रेझोनन्स (ज्या फ्रिक्वेन्सीला ते सगळ्यात जोरात बोलतं ती) खाली येतं. २.४ हेन्रीच्या (कॉइलचं माप) स्ट्रॅट पिकअपला एकूण ६०० पिकोफॅरड मिळाले तर ते ४.२ किलोहर्ट्झला येतं, फक्त १५० मिळाले तर ८.४ ला जातं. जॅझ बासवर तसाच परिणाम फ्रेटच्या खडखडीत आणि बोटांच्या घासण्यात ऐकू येतो. केबलचा परिणाम निवडता येत नसेल तर टोन नॉब थोडा मागे घ्या. अ‍ॅक्टिव्हमध्ये आतला प्रीअँप मध्ये असल्याने हा प्रश्नच येत नाही.

गिटारवाल्यांनी एवढं ध्यानात ठेवावं: फझ फेससारखा आवाज फाडणारा पेडल पिकअपला थेट जोडलेला असावा लागतो. रिसीव्हरमागे लावला की आवाज कर्कश होतो आणि गिटारचा व्हॉल्यूम कमी करून तो स्वच्छ करण्याची युक्ती चालत नाही.

लहरी:
घेतल्यावर चाचणी अशी करा. मिक्सर, राउटर, इन-इअर, गायकांचे माइक, सगळं चालू. वादकांचे फोन स्टेजवर, वायफाय चालू ठेवून. खुली ए तार (बोट न दाबता) वाजवत स्टेजच्या चारही कोपऱ्यांत जा, दर कोपऱ्यात रिसीव्हरकडे पाठ करून दहा सेकंद थांबा. जिथे तुटेल तिथे रिसीव्हरची जागा फूटभर हलवा आणि पुन्हा करा. घरच्या दिवाणखान्यात केलेल्या चाचणीवरून काहीच ठरवू नका. परत करायची मुदत असेपर्यंत एक मैदानी कार्यक्रम झालाच पाहिजे.

डागकाम:
आणि चार्जिंग. काही स्वस्त ट्रान्समीटर दोन्हीकडे यूएसबी-सी असलेल्या केबलने चार्ज होत नाहीत, कारण आत लागणारे ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर बसवलेले नसतात. चार्जरला समोर कुणी आहे हेच कळत नाही. जुन्या चौकोनी यूएसबीची, म्हणजे ए ते सी केबल वापरा, लगेच चार्ज होतील. ती केबल आणि ६ मीटरची साधी बास केबल एकाच पिशवीत ठेवा. मध्येच सिग्नल गेला तर रिसीव्हरच्या पुढच्या पेडलमध्ये ती घाला. त्याआधी प्रीअँप-डीआयचा म्यूट दाबा, नाहीतर सबवूफरला धाडकन धक्का बसेल.