मदत हवी आहे : नव्या लेपानंतर होडीचा सेंटरबोर्ड पेटीत अडकतो

नमस्कार.

माझ्याकडे एंटरप्राइझ वर्गातील, जॅक होल्ट यांच्या १९५६ सालच्या आराखड्यावर बांधलेली, सुमारे चार मीटर लांबीची प्लायवुडची शिडाची होडी आहे. ती मुंबईत मार्वे येथे शेडमध्ये असते. वडिलांनी मला सुकाणू धरायला याच होडीवर शिकवले, त्यामुळे नारळी पौर्णिमेनंतर वारा निवळला की ती पुन्हा पाण्यात उतरावी, अशी मनापासून इच्छा आहे.

पावसाळ्याआधी तिचा सेंटरबोर्ड, म्हणजे बाजूच्या वाऱ्याने होडी आडवी सरकू नये म्हणून तळातून खाली सोडायची फळी, बाहेर काढला. जुने वॉर्निश खरवडले, कडेचे कुजलेले लाकूड बदलले, दोन्ही अंगांना फायबरग्लासच्या कापडाचा एकेक थर इपॉक्सीत, म्हणजे घट्ट होणाऱ्या चिकट राळेत, बसवला आणि वर रंगाचे दोन हात दिले. पूर्वी १९ मिलिमीटर असलेली जाडी आता साडेवीस भरते. काम सुरू करण्यापूर्वी फळी मोजली होती, पेटी, म्हणजे होडीच्या आत फळी ज्यात वर-खाली होते तो अरुंद उभा कप्पा, मात्र मोजली नाही, ही चूक माझीच.

परवा होडी जुन्या टायरवर कुशीला कलती करून फळी खालून सरकवली, तर दोन-तृतीयांश आत जाऊन ती अडली. फळीला खडू चोळून पुन्हा घातली, तेव्हा पिनेच्या, म्हणजे फळी ज्यावर फिरते त्या आडव्या बोल्टच्या, जागेमागे डाव्या अंगाला तळहाताएवढ्या जागेतला खडू पुसला गेला. बाकी सगळीकडे तो जसाच्या तसा होता. यावरून पेटीची डावी भिंत ओलाव्याने आत फुगली असावी, असे मला वाटते.

आता फळी तेवढ्याच जागी घासावी, की पेटी आतून? फळी घासताना कापड उघडे पडले तर पाणी लाकडात शिरेल, लाकूड फुगेल आणि ती पुन्हा अडकेल, तीही भर खाडीत. पेटीच्या फटीत हात जात नाही. लाकडी पट्टीला पॉलिश पेपर चिकटवून आत घासता येईल, पण भिंत किती पातळ करणे सुरक्षित आहे, याचा अनुभव नाही. ऑक्टोबरच्या उन्हात भिंत वाळून आकसेलही, परंतु होडी पाण्यात गेली की ती पुन्हा फुगणारच, म्हणून थांबण्यात मला अर्थ दिसत नाही.

दुसरा प्रश्न पिनेचा. फळीतील भोक झिजून लंबगोल झाले होते, ते जाड केलेल्या इपॉक्सीने बुजवले आहे. मुंबईच्या नागदेवी बाजारातून त्यासाठी ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचा बोल्ट आणला. भोक थेट इपॉक्सीत पाडावे, की मोठे पाडून त्यात गनमेटलचा (तांब्याच्या मिश्रधातूचा) बुश, म्हणजे भोकाला अस्तरासारखी बसणारी छोटी नळी, बसवावा? पेटीच्या बाहेरून दोन्ही बाजूंना रबरी वॉशर लावणारच आहे, कारण पूर्वी तिथूनच पाणी झिरपत असे.

ज्यांनी हे काम स्वतःच्या हाताने केले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. फळी मोकळी सरकल्याशिवाय पिनेची जागा आखता येत नाही, म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी मिळाल्यास फार उपकार होतील.